बँकेने आहेर परत केला

परक्या देशात जाऊन आपली माणसं नाना उद्योग करतात. कुणी संगणकापुढे बसतं, कुणी ट्रक हाकतं, कुणी दुसऱ्यांच्या आजोबांना फिरायला नेतं. आमचे कवळीकाका तिथे दात करतात. दुसऱ्यांचे. एका लांबट खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी, डोळ्याला भिंग लावून ते मेणात एकेक दात रोवत बसलेले असतात आणि समोरच्या फळीवरून ओळीने मांडलेले जबडे त्यांच्याकडे बघून हसत असतात. सबंध आयुष्य अशा श्रोत्यांपुढे काढलेल्या माणसाला आपण फार विनोदी आहोत असं वाटू लागणं साहजिक आहे. काकांनाही तसं वाटतं.

काका गोल आहेत. डोकं गोल, चष्मा गोल, पोट तर विचारूच नका. संध्याकाळी कामावरून येताना त्यांच्या भुवयांवर प्लास्टरची पांढरी भुकटी असते, त्यामुळे घरात शिरताना ते सत्तरीचे दिसतात आणि तोंड धुतल्यावर पन्नाशीचे. काकू म्हणतात, "मला रोज एक नवरा जाऊन दुसरा मिळतो, पण दोघंही जेवायला तेवढंच खातात." दोघं एका लाँड्रीच्या वर दोन खोल्यांत राहतात. खाली कपडे वाळवायची यंत्रं दिवसभर घरघरत असल्यामुळे त्यांची जमीन बारा महिने कोमट असते. काकू तिच्यावर दही लावतात. उत्तम लागतं.

काकांचा जगण्याचा एकच नियम होता. घरात भाजी शिळी चालेल, देणं शिळं चालणार नाही. सगळं रोख. कामावरच्या लोकांबरोबर कुठे खायला गेले तर पदार्थ यायच्या आधी आपल्या वाट्याचे पैसे टेबलावर ठेवून मोकळे. एकदा न्हाव्याकडे सुट्टे नव्हते म्हणून त्याने "पुढच्या वेळी द्या" म्हटलं, तर काका अर्ध्या डोक्यानिशी सुट्टे आणायला गेले होते. असा माणूस क्रेडिट कार्डाच्या नादी का लागला, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं : साडू.

साडू हे नातं फार अवघड. दोघांना एकाच सासऱ्याने निवडलेलं असतं, आणि त्यातला कुठला जावई निवडताना सासऱ्याने चष्मा पुसलेला होता, हा वाद दोघं जन्मभर मनातल्या मनात घालत असतात. काकूंच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे यजमान मायदेशात बाथरूमच्या फरश्या विकतात आणि उत्तम विकतात. त्यांच्या पाकिटात कार्डं आहेत. एक-दोन नव्हे, पाकीट उघडलं की पत्त्यांचा डाव वाटल्यासारखी फुलतात. हॉटेलात बिल आलं की साडूंचा हात टेबलावर असा झेपावतो की वेटरने बोटं आवरावीत.

मागच्या वेळी काका-काकू मायदेशी गेले तेव्हा साडूंनी झाडून सगळी बिलं दिली. जेवणाची दिली, रिक्षांची दिली, शेवटी काकांच्या पित्ताच्या गोळ्यांचीही दिली. एवढ्यावर थांबले असते तर साडू कसले? एका बारशात, पाळण्याशेजारी उभं राहून, भरल्या मंडपात ते म्हणाले, "आमचे साडूभाऊ राहतात परदेशात, पण पैसे अजून रुमालाच्या गाठीत बांधतात!" सगळे हसले. पाळण्यातलं मूलही हसलं, असं काकांचं म्हणणं आहे.

त्यानंतर काही महिन्यांनी साडूंचा फोन आला.

"साडूभाऊ, आम्ही येतोय बरं का तुमच्याकडे. सुट्ट्या लागल्या की. समुद्राच्या कडेकडेने फिरू म्हणतो चौघं. गाडी भाड्याने घेऊ. मीच करतो इथून व्यवस्था, कार्ड आहे माझ्याकडे."

"मुळीच नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला. "तुम्ही पाहुणे. गाडी माझ्याकडे लागली."

"बघा हं. जमेल ना? रुमालातून गाड्या देत नाहीत म्हणतात."

फोन ठेवल्यावर काका काकूंना म्हणाले, "गाडीचे पैसे त्यांनी दिले तर मी मेलो असं समज. पुढच्या पंचवीस बारशांची सोय होईल त्यांची."

दुसऱ्या दिवशी काका गाड्या भाड्याने देणाऱ्याकडे गेले. परवाना होता त्यांच्याकडे. तयार कवळ्या दातांच्या डॉक्टरांकडे पोचवायला ते कारखान्याची व्हॅन चालवत असत. काउंटरमागे एक तरुण उभा होता, त्याच्या पाठीमागे भिंतभर किल्ल्या.

"क्रेडिट कार्ड?" किल्लीवाल्याने विचारलं.

काकांनी आपलं बँकेचं साधं कार्ड पुढे केलं.

"हे चालणार नाही. यात तुमचे पैसे आहेत."

"मग कोणाचे पाहिजेत?"

"बँकेचे."

"अहो, पण माझे भरपूर आहेत! अनामत रोख देतो. आत्ता देतो."

"समजा, तुम्ही गाडी ठोकलीत."

"तर घ्या की माझ्या पैशांतून."

"तुमच्या पैशांतून घेतले तर तुम्ही आमच्याशी भांडाल. बँकेच्या पैशांतून घेतले तर बँक तुमच्याशी भांडेल. आम्हाला भांडायला वेळ नसतो."

काकांना हे पटलं नाही, पण समजलं. तडक बँकेत गेले. तिथे एका टेबलाशी एक मुलगी बसली होती. ती इतकी मनापासून हसायची की काकांनी पहिल्या भेटीतच तिचं नाव हसरी ठेवून टाकलं. वरचा डावा सुळा किंचित पुढे, दात मूळचे, काम कुणाचंही नाही, अशी नोंदही मनात करून ठेवली.

"यापूर्वी या देशात कुठे कर्ज घेतलंय?" हसरीने विचारलं.

"छे! एका पैचं नाही." काका ताठ बसले.

"हप्त्यावर काही? फ्रिज? फोन?"

"कधीच नाही."

"कुणाकडे काही उधारी?"

"काय बोलता!"

मुलगा बघायला गेलेल्या वधूपित्याने विचारावं, दारू पितो का, तर नाही. जुगार खेळतो का, तर नाही. आणि प्रत्येक "नाही"ला त्याचा चेहरा खुलण्याऐवजी उतरत जावा, तसं काहीसं चाललं होतं. शेवटी हसरी हसायची थांबली.

"मग कसं करायचं? तुम्ही उसने घेतलेले फेडता की नाही, हे आम्हाला कळणार कसं?"

"माझ्या गावी विचारा. वाण्याला विचारा. शाळेतल्या मास्तरांना विचारा, अजून आहेत ते."

"तिथलं इथे चालत नाही हो."

मग तिने मार्ग सांगितला. काकांनी थोडी रक्कम बँकेत ठेवायची. बँक ती कुलूपबंद करणार आणि तेवढ्याच रकमेचं कार्ड देणार. त्यावर उसने घ्यायचे, फेडायचे. काही महिने हे नीट जमलं की बँक कार्डाची मर्यादा वाढवणार, आणि मग किल्लीवाला गाडी देणार.

"म्हणजे माझेच पैसे मी तुमच्याकडे ठेवायचे," काका सावकाश म्हणाले, "मग तेच तुमच्याकडून उसने घ्यायचे, आणि पुन्हा तुम्हालाच फेडायचे?"

"अगदी बरोबर!" हसरी पुन्हा हसू लागली.

काकांना सासरेबुवांनी लग्नात दिलेलं घड्याळ आठवलं. ते सासरेबुवांनीच "दुरुस्त करून आणतो" म्हणून नेलं होतं, आणि पुढे दहा वर्षं काका त्यांनाच वेळ विचारत होते. त्यांनी सही केली.

कार्ड आलं. निळं होतं, गुळगुळीत होतं, आणि त्यावर काकांचं नाव इतकं ठसठशीत उमटलं होतं की काकूंनी त्यावरून दोनदा बोट फिरवलं. त्या शनिवारी दोघं कपडे करून पहिली खरेदी करायला निघाले. काय घ्यावं यावर बरीच चर्चा झाली. पहिलीच उधारी, फार चैनीची नको, फार क्षुल्लकही नको. शेवटी एक बादली ठरली. गल्ल्यावरच्या बाईने कार्ड घेतलं, टेकवलं, परत दिलं.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं."

"हे उसने आहेत बरं का. बँकेचे आहेत."

"बरं," बाई म्हणाली. "पुढचे कोण?"

घरी आल्यावर बादली बाथरूममध्ये ठेवली. पण काकू तिच्यात पाणी भरेनात.

"अहो, लोकांच्या पैशांची बादली ती. आधी ते देऊन या. मग भरते."

काका उलट पावली निघाले. ते जिन्यात पोचतात तोच वरून काकूंचा आवाज आला, "आणि वर एक जास्त द्या हो!"

हे सांगायला हवं. काकूंच्या घरातून दुसऱ्याचं भांडं कधी रिकामं परत गेलेलं नाही. लाँड्रीवाल्याच्या बायकोने डबाभर काही आणून दिलं की डबा परत जाताना त्यात आणखी काही जायचंच. काही नसलं तर चिमूटभर साखर. आहेराच्या पाकिटातही शंभरावर एक. काकूंचं म्हणणं, मोजून घेतलं आणि मोजून तेवढंच परत केलं, तर त्याचा अर्थ "आता तुमचा-आमचा संबंध संपला" असा होतो. बँकेशी संबंध तर आत्ता कुठे जुळला होता.

बँकेच्या खिडकीतल्या माणसाने पैसे मोजले. "एक जास्त आलाय."

"असू द्या."

"पण कशासाठी?"

"सहज. आमच्याकडून."

असा महिना गेला. साबण, मोजे, बल्ब, झाडू. सकाळी खरेदी, संध्याकाळी परतफेड, वर एक. महिनाअखेरीस बँकेचं बिल आलं ते काकांनी दोनदा वाचलं. देणं शून्यसुद्धा नव्हतं. शून्याच्या खाली होतं.

"अगं, ऐकलंस का? बँक आपलं देणं लागते!"

"अगंबाई! एवढी मोठी बँक?"

"लेखी दिलंय त्यांनी."

"मागू नका हो लगेच. असेल त्यांची काही अडचण."

काकांनी मागितलं नाही. फक्त चालण्यात जरा फरक पडला. बँकेवरून जाताना ते आत नजर टाकायचे आणि मान हलवायचे, एखाद्या होतकरू भाच्याकडे बघून हलवतात तशी. कारखान्यात जबड्यांना त्यांनी सांगितलं, "बँकेला मी सांभाळून घेतोय सध्या." जबडे हसले.

आणि मग बँकेचं पत्र आलं. आपल्या खात्यात जादा जमा झालेली रक्कम सोबत परत पाठवत आहोत, कळावे. सोबत धनादेश.

काकू खुर्चीवर बसल्या. "आहेर परत केला?"

"तसंच दिसतंय."

"काय चुकलं हो आपलं? कमी पडला असेल का?"

"एकेकच देत होतो आपण. मोठी बँक आहे."

"तेच ते. आणि तुम्ही नुसतं खिडकीतून देत होतात. पाकिटात घालून द्यायला हवं होतं. शिवाय त्या हसरीला एकदाही घरी बोलावलं नाही आपण. राग येणारच."

दुसऱ्या दिवशी काकांनी धनादेश वटवला, ते पैसे पुन्हा कार्डावर भरले आणि त्यावर पाच जास्त दिले. पाकिटात घालून. खिडकीतला माणूस पाकिटाकडे बघत राहिला. पुढच्या महिन्यात बँकेने सगळं परत पाठवलं. "मानी आहेत," काका म्हणाले, आणि वर अकरा दिले. बँकेने तेही परत केले. लग्नघरात दोन मावश्या एकमेकींच्या पर्समध्ये नोटा कोंबत, "माझी शपथ आहे" म्हणत मांडवाच्या दारापर्यंत झोंबत जातात, तसं ते दोन-तीन महिने चालू राहिलं. आणि दोन्ही मावश्या सारख्याच हट्टी.

मधे साडूंचा फोन. "तिकिटं काढली बरं का. गाडीचं झालं? नाहीतर माझं कार्ड..."

"झालंच समजा. बँकेचे आणि माझे संबंध फार घरोब्याचे आहेत."

त्याच आठवड्यात काका एक बल्ब घ्यायला गेले आणि यंत्राने कार्ड नाकारलं. गल्ल्यावरच्या बाईने पुन्हा टेकवलं. पुन्हा नाकारलं. मागे रांग होती. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा बल्ब परत ठेवला. घरी आले तर बँकेचा फोन : आपलं कार्ड गोठवण्यात आलं आहे, चौकशीसाठी अमुक खोलीत या.

चौकशीच्या खोलीत बसलेल्या साहेबांना मी संशयसाहेब म्हणतो. उंच, सुकलेले, एक ओठ दुसऱ्याला चिकटवलेला. पैशांची लबाडी पकडणं हे त्यांचं काम. काकूही सोबत गेल्या होत्या, बरोबर डबा घेऊन, कारण रिकाम्या हाताने कसं जायचं?

"तुम्ही देणं असतं त्यापेक्षा जास्त भरता," संशयसाहेब म्हणाले. "आम्ही परत करतो. तुम्ही आणखी जास्त भरता. काळा पैसा धुणारे लोक असंच करतात."

"आम्ही लाँड्रीच्या वरच राहतो," काका म्हणाले, आणि हे आत्ता बोलायला नको होतं, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

"कशासाठी करता हे?"

काका घसा खाकरत होते, तोच काकू पुढे सरकल्या. "मला सांगा साहेब, शेजारणीने तुमच्याकडे वाटीभर काही दिलं, तर वाटी कशी परत करता?"

"धुऊन."

"रिकामी?"

"रिकामी."

काकूंनी काकांकडे असं बघितलं की, अरेरे, कुणी वळण लावलं नाही बिचाऱ्याला. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. वाटी, साखर, आहेर, शंभरावर एक. साहेब ऐकत होते. त्यांचा चिकटलेला ओठ थोडा सुटला.

"पण तुम्ही भरून पाठवलीत, तर शेजारीण पुन्हा भरून पाठवेल."

"पाठवेलच की."

"मग तुम्ही पुन्हा?"

"अर्थात."

"आणि हे संपतं कधी?"

"संपवायचं कशाला?" काकूंनी विचारलं.

संशयसाहेब उठून उभे राहिले. मग त्यांनी कपाट उघडून उगाच बंद केलं. आपल्या नोकरीत त्यांनी चोर पाहिले होते, खोटारडे पाहिले होते. बँकेला वाटीभर साखर पाठवणारं जोडपं पहिलंच.

"हे बघा," ते म्हणाले. "तुम्ही चोर नाही. पण आमचं यंत्र फक्त एक गोष्ट बघतं : माणसाने उसने घेतले, बिल येईपर्यंत ठेवले आणि वेळेवर फेडले. तुम्ही संध्याकाळीच फेडता, म्हणून त्याला वाटतं की तुम्ही काही घेतलंच नाही. तुमच्या खात्यावर एवढ्या महिन्यांत काहीच घडलेलं नाही. कार्ड मोठं करून हवंय ना? मग काहीतरी घ्या आणि बिल येईपर्यंत अजिबात देऊ नका. बिल आलं की बरोबर तेवढेच द्या. वर काही नाही."

"बिल येईपर्यंत?" काकांचा आवाज गेला. "देणं घरात ठेवायचं?"

"ठेवायचं."

"आणि वर एकसुद्धा नाही?" काकूंचा आवाज गेला.

"एकसुद्धा नाही." साहेबांनी डबा मात्र ठेवून घेतला.

कार्ड पुन्हा सुरू झालं. काकांनी त्यावर एक घडीचा पलंग घेतला, साडूंसाठीच. पलंग घरी आला, भिंतीशी उभा राहिला, आणि घराची कळाच गेली. त्याच्यावर कुणी बसेना. काकू त्याच्या जवळून जाताना पदर आवरून जायच्या. काकांचं जेवणावरून लक्ष उडालं. कारखान्यात त्यांनी एका म्हातारबुवांच्या खालच्या जबड्यात वरचे दात बसवले, मालकांनी विचारलं तर म्हणाले, "माझ्या डोक्यावर पलंग आहे." बँकेचा रस्ता टाळून ते उद्यानाच्या मागून जाऊ लागले. एकदा मंडईत समोरून हसरी आली, तर काका चक्क कोबीच्या ढिगाआड बसले.

"अहो, काय झालं?" हसरी वाकून विचारू लागली. "काही हरवलं का?"

"देतो, देतो! बुडवणार नाही मी!"

"पण बिल अजून निघालंच नाहीये."

"तेच म्हणतो मी, निघू दे, देतो!"

मंडईतले चार लोक बघू लागले. अट्टल कर्जबुडव्यांनाही असली लाज वाटत नसेल.

बिल आलं त्या सकाळी बँक उघडायच्या आधी दोघं दारात हजर होते. काकांनी मोजून तेवढेच दिले. काकूंच्या मुठीत एक नाणं होतं. त्यांनी मूठ पुढे केली, मागे घेतली, पुन्हा पुढे केली.

"नको," काका म्हणाले. "गाडी जाईल."

"किती कोरडं वाटतं हो हे," काकू म्हणाल्या, पण त्यांनी नाणं पर्समध्ये टाकलं.

पुढचा महिना पुन्हा असाच काढला, या वेळी एका मिक्सरवर. आणि साडूंचं विमान उतरायच्या थोडं आधी बँकेचा निरोप आला की, आपल्या उत्तम व्यवहारामुळे मर्यादा वाढवण्यात येत आहे. काकांनी तो निरोप जबड्यांना वाचून दाखवला. मग त्यांनी आरशापुढे सराव सुरू केला. वाक्य त्यांनी बारशापासूनच तयार ठेवलं होतं : "राहू द्या हो साडूबुवा, आमच्याकडे हे इथलं कार्ड असतं." 'इथलं'वर किती जोर द्यायचा, एवढंच ठरत नव्हतं.

साडू आले, ताई आल्या, बॅगा आल्या. सकाळी चौघं किल्लीवाल्याकडे पोचले. काकांचं कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात होतं. किल्लीवाल्याने कागद तयार केले, रक्कम सांगितली, आणि काकांचा हात खिशाकडे जातोय तोच साडूंचा हात झेपावला. सवयच ती! पाकीट उघडलं, पत्ते फुलले, सोनेरी कार्ड काउंटरवर आदळलं.

"अहो, गाडी माझ्याकडे आहे!" काका ओरडले.

"पुढच्या वेळी, साडूभाऊ, पुढच्या वेळी. तुम्ही रुमाल सांभाळा."

किल्लीवाल्याने सोनेरी कार्ड टेकवलं. यंत्राने नाकारलं. साडू हसले आणि चंदेरी दिलं. नाकारलं. काळं दिलं. नाकारलं. (परदेशात वापरायचं असेल तर निघण्यापूर्वी आपल्या बँकेला सांगून कार्ड चालू करून घ्यावं लागतं, हे साडूंना मागाहून कळलं. ताईंनी तीनदा आठवण केली होती. साडूंनी तिन्ही वेळा "तू बॅग भर" असं सांगितलं होतं.) पत्ते संपत आले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, पण साडूंच्या कपाळावर भरल्या मंडपाचा घाम आला होता. ताई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, जे पर्समध्ये नव्हतं.

"तुमच्याकडे दुसरं काही आहे?" किल्लीवाल्याने विचारलं.

हाच तो क्षण! काकांनी कार्ड काढलं. छाती भरून घेतली. वाक्य जिभेवर आलं. काकूंनी त्यांना कोपराने हलकेच ढोसलं, म्हणा आता. आणि काकांनी नेमकं साडूंच्या तोंडाकडे बघितलं. आयुष्यभर तोंडंच बघितलेला माणूस! ओठ हसत होते, पण खालचा जबडा हलत होता, एकटाच, शाळेत उत्तर न आलेल्या मुलासारखा.

"अहो, मशीनच भिकार आहे यांचं," काका म्हणाले. "मागच्या वेळी माझंही असंच केलं."

किल्लीवाला चमकला. "मशीन नवीन आहे. याच आठवड्यात..."

"तेच सांगतोय मी. नवीन आहे, अजून बसलं नाही. हे घे, माझं लावून बघ. लागलं तर लागलं."

निळं कार्ड टेकलं आणि यंत्राने खणखणीत आवाज केला.

"लागलं!" किल्लीवाला म्हणाला.

"नशीब," काका म्हणाले.

साडूंनी पत्ते गोळा करून पाकिटात घातले, रुमाल काढून कपाळ पुसलं. गाडीपर्यंत पोचेपर्यंत ते गप्प होते. दार लावेपर्यंत बरे झाले. समुद्र दिसायच्या आत पूर्ववत झाले आणि मागच्या सीटवरून त्यांनी मायदेशी धाकट्या भावाला फोन लावला.

"अरे, कसला प्रगत देश न् काय! साधं मशीन धड नाही. माझी एकूण एक कार्डं परत केली त्याने! हो ना, मीच देणार होतो सगळं. साडूभाऊंना दोष नाही, तेही म्हणाले, मशीनच भिकार. विचार हवं तर. साडूभाऊ, सांगा हो याला!"

"हो, हो," काका पुढून ओरडले. "मशीनच तसलं!"

ताई खिडकीबाहेर समुद्र बघत होत्या, तोंडाला पदर लावून.

काकूंनी खालच्या आवाजात, पण दात आवळून विचारलं, "अहो, कोबीआड बसलात तुम्ही. मी पलंगाला घाबरून जगले. आणि तोंडाशी आलेलं असं दिलंत त्यांना? आता पंचवीस बारशांत हेच ऐकायचं!"

"अगं, पण तोंड बघितलंस का त्यांचं?"

"बघितलं."

"मग?"

काकूंनी मागे वळून ताईंकडे बघितलं. "मी सांगू का ताईला, मशीन चांगलंच होतं म्हणून?"

"नको. पैसे आपण दिले ना?"

"दिले."

"तुला ठाऊक आहे ना?"

"मला आहे की."

"बास झालं मग," काका म्हणाले, आणि त्यांना एवढा आनंद झाला की वळणावर दिवा लावण्याऐवजी त्यांनी भलतीच दांडी ओढली. लख्ख उन्हात, कोरड्या काचेवर, दोन्ही वायपर कराकरा नाचू लागले.

मागून साडूंचा आवाज आला, "थांब रे, फोन ठेवू नकोस. गाडीही भिकारच दिली आहे यांनी!"